दोर सोडून फोटो

चढाईच्या भिंतीच्या टोकाला पोचलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा दोर खाली प्रशिक्षकाच्या हातात होता. तिचा फोटो काढायला त्याने दोर सोडून मोबाइल उचलला.

"आधी दोर धरा!" मी ओरडले.

"टेन्शन नका घेऊ मॅडम, आजवर इथे कोणी पडलेलं नाही."

हे वाक्य पहिला माणूस पडेपर्यंतच खरं असतं. काउंटरवरची मुलगी मला शांत करायला थंड पाणी घेऊन आली. उत्तम सेवा म्हणतात ती हीच! हसून बोलायचं, फोटो काढून द्यायचे आणि जीव सांभाळा म्हणणाऱ्याला कटकट्या ठरवायचं. मी पाण्याला हात लावला नाही. पुढे होऊन दोराचं लोंबतं टोक मुठीत आवळलं. वर बहीण दोन्ही हात सोडून मोबाइलकडे बघत हसत होती.