मिनिटाला बारा गाठी

चंपतराव रामटेके जर्मनीला जाऊन आले होते, हे नागपुरातल्या इंदोऱ्यातल्या त्यांच्या शेजाऱ्यांनाही पुढे पुढे आठवत नसे. त्यांनी ते कोणाला आठवूच दिलं नाही. एक्क्याऐंशी साली छातीच्या दुखण्यानं ते गेले, तेव्हा त्यांच्या घरात तिकडची एकही वस्तू नव्हती. मी त्यांच्याबरोबर तिथे वीस दिवस एका खोलीत राहिलो होतो. आम्ही चौघं होतो. आता मीच उरलो आहे, म्हणून ही हकिकत मीच सांगायला हवी.

त्या काळी मी नागपुरातल्या एका कापडाच्या मिलमध्ये, लेबर ऑफिसात कारकून होतो. नोकरी पोटासाठी, जीव नाटकात. काय दिवस होते ते! धनवटे रंगमंदिरात प्रयोग असला की मी साहेबांकडून तासभर आधी सुट्टी मागून घ्यायचो आणि सायकल अशी हाणायचो की सीताबर्डीचा चढ जाणवत नसे. चंपतराव बायकोला, रुख्मिणीला, घेऊन मागच्या रांगेत बसत आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाशी मला अडवत. नट म्हणून ते मला मास्तरच म्हणत.

"मास्तर, काल तुम्ही मेले ते बेस मेले. पण पडल्यावर डोळा उघडा होता गा तुमचा. आमची बाई म्हणे, मेलेला माणूस पब्लिक मोजून राहिला!"

असा प्रेक्षक नटाला मिळायला नशीब लागतं.

चंपतराव वाइंडिंग खात्याचे जॉबर, म्हणजे तिथल्या कामगारांचे मुकादम होते. सूतकताईतून आलेल्या छोट्या कांड्यांवरचं सूत मोठ्या, शंकूसारख्या कोनांवर गुंडाळायचं, धागा तुटला की हातानं गाठ मारून पुन्हा जोडायचा, हे त्या खात्याचं काम. चाळीस बाया दोन रांगांत उभ्या राहून ते करत. रुख्मिणी त्यातलीच एक, आणि हाताला सगळ्यांत चपळ.

या खात्यात एक रीत होती. ती कुठल्या कागदावर नव्हती, पण प्रत्येक बाईला ठाऊक होती. सगळ्यांत वडीलधारी होती कौसल्याबाई. तिच्या डोळ्यांना कमी दिसे. दिवसाला ती जेवढे कोन भरे, त्यापेक्षा फार पुढे कोणी जायचं नाही. ज्यांचे हात जलद, त्यांनी आपले भरलेले कोन गुपचूप म्हाताऱ्या बायांच्या पेटीत टाकायचे. संध्याकाळी सगळ्यांचा आकडा जवळपास सारखा. बाया याला 'संगतीनं चालणं' म्हणत. चंपतरावांना हे सगळं माहीत होतं. पेट्यांमधून कोन इकडून तिकडे जाऊ लागले की ते खिडकीबाहेर पाहत उभे राहत. त्यांच्या नोकरीचा अर्धा भाग असं खिडकीबाहेर पाहण्याचा होता.

बहात्तर सालच्या नोव्हेंबरात मिलनं जर्मनीतल्या तीन यंत्र-कंपन्या पाहायला माणसं पाठवायचं ठरवलं. विणकाम खात्याचे मास्तर वामनराव आणि बिजलीखात्याचे फोरमन ओमप्रकाश यांची निवड झाली. एक तरी कामगार हवाच, असा युनियननं हट्ट धरला, म्हणून चंपतराव. आणि इंग्रजी बोलता येतं, शिवाय चारचौघांत आवाज कापत नाही, म्हणून दुभाषा मी.

एका कारखान्याच्या वसतिगृहात आम्हाला चौघांत एक खोली मिळाली. पहिले चार दिवस वामनराव आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पाव आणि केळी खात. त्यामागे जुनं कारण होतं. विणकाम खात्यात धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेच्या, भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाची थुंकी दुसऱ्याला लागेल, म्हणून चंपतरावांच्या वडिलांच्या पिढीला त्या खात्यात जागाच नव्हती. वामनरावांनी हा नियम केला नव्हता, पण त्या नियमाखाली ते वाढले होते. छप्पन साली चंपतरावांच्या घरानं दीक्षा घेतली, तरी मिलमध्ये वामनरावांनी त्यांच्याशी कामापलीकडे शब्द काढला नव्हता.

पाचव्या दिवशी वामनरावांना ताप चढला. चंपतरावांनी खोलीतल्या विजेच्या शेगडीवर मऊ भात केला, मीठ घातलं आणि भांडं घेऊन वामनरावांच्या पलंगाच्या कडेला बसले. चमचा एकच होता.

"घ्या मास्तर. जात माहीत हाय तुमाले माही. तापाले नाही माहीत."

वामनरावांनी चमच्याकडे पाहिलं, मग चंपतरावांकडे. मग त्यांनी तोंड उघडलं. ओमप्रकाश पाठ करून बूट पुसत बसला होता. तो म्हणाला, "चलो, पंडितजी का उपवास टूटा," आणि आम्ही सगळे हसलो. वामनरावही हसले.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही उबदार वाटतं. संध्याकाळी ओमप्रकाश दोन पलंगांमध्ये चादर बांधून पडदा करी आणि माझ्याकडून नाटकातली भाषणं म्हणवून घेई. चंपतराव जवसाची चटणी वाटीत घेऊन पहिल्या रांगेत, म्हणजे जमिनीवर, बसत. "हे लोक इतलं हळू बोलतात, मास्तर," ते मला म्हणाले, "मंग भांडतात कधी?" वामनराव त्यांना चंपतराव म्हणू लागले. त्यापूर्वी ते 'ए रामटेके' म्हणत. एका रविवारी नदीकाठी फिरताना वामनरावच म्हणाले, "परत गेल्यावर आपण चौघं एक. एकावर आलं तर चौघांवर आलं." आम्ही हातावर हात मारले. बोलताना प्रत्येकाला ते खरंच वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन.

शेवटच्या आठवड्यात एका कारखान्यात वाइंडिंगचं नवं यंत्र दाखवलं. धागा तुटला की यंत्र स्वतःच गाठ मारी. इंजिनियर वयस्कर, चष्मा लावलेला, मोठा सज्जन माणूस. चंपतरावांनी यंत्र तीन वेळा पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"एवढ्यासाठी एवढं लोखंड? मास्तर, सांगा त्याले, माही बाई याच्यापेक्षा झटकन मारते."

मी सांगितलं. इंजिनियरला गंमत वाटली. त्यानं सूत आणवलं, खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं. रुख्मिणीनं शिकवलेली गाठ चंपतराव बोटांच्या चिमटीत मारू लागले. एका मिनिटात दहा. आजूबाजूचे कामगार यंत्रं सोडून जमले, टाळ्या पडल्या. चंपतरावांच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी त काहीच नाही," ते म्हणाले. "रुख्मिणी बारा मारते. खात्यात आणखी आठ-दहा बाया हायेत, त्या बी मारतात बारा."

मी भाषांतर केलं. टाळ्या माझ्याही कानात होत्या. मी हात पसरून, आवाज चढवून म्हणालो, आमच्या खात्यातल्या बाया मिनिटाला बारा गाठी मारतात. आठ-दहा हा शब्द मी गाळला. तो घातला असता तर वाक्य पडलं असतं. इंजिनियरनं वहीत टिपून घेतलं. चंपतरावांना इंग्रजी येत नव्हतं. ते माझ्याकडे पाहून आनंदानं मान हलवत होते.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. आभाराचं, सौजन्याचं. सोबत हिशेबाचं एक पान. आपल्या बाया हातानं मिनिटाला बारा गाठी मारत असतील तर आमचं यंत्र आपल्याला परवडणार नाही, असं त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मॅनेजरसाहेबांनी खात्याचं रजिस्टर मागवलं. त्यातल्या कामावरून मिनिटाला सहा गाठींचा हिशेब निघत होता, म्हणजे बाया निम्मंच काम करतात, असा अर्थ त्यांनी काढला. आम्हा चौघांना ऑफिसात बोलावणं आलं.

चंपतरावांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. काय पुढे येणार, ते त्यांना लगेच कळलं.

"साहेब, ते एका मिनिटाचं काम होतं. माणूस शंभर पावलं धावते, म्हून दिवसभर धावन का? तो एक खेळ होता, साहेब. यायले विचारा. हे तिथंच होते."

साहेबांनी वामनरावांना विचारलं. वामनरावांना त्या महिन्यात बढती मिळायची होती. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "मी विणकामाचा माणूस. वाइंडिंगचं मला काही कळत नाही."

ओमप्रकाश म्हणाला, "साहब, मेरा ध्यान मोटर की तरफ था."

मग माझी पाळी. "भाषांतर तुम्ही केलंत. यात लिहिलंय ते बरोबर आहे?"

एवढंच सांगायचं होतं की साहेब, हा चाळीस बायांचा आकडा नाही, आठ-दहा जणींचा आहे, बाकीचा माझा. मी म्हणालो, "मी सांगितलं तसंच लिहिलंय, साहेब."

हे वाक्य खरं होतं. एवढं भेकड वाक्य मी रंगमंचावर कधी म्हटलं नाही.

यंत्र काही आलं नाही. पण हुकूम निघाला की प्रत्येक बाईची परीक्षा होईल, मिनिटाला दहाच्या खाली जी जाईल तिचं नाव कमी. युनियननं फाटकावर दोन दिवस घोषणा दिल्या. पण पत्रात कामगाराचंच बोलणं होतं, त्यापुढे पुढाऱ्यांचाही आवाज बसला. परीक्षेच्या दिवशी साहेब म्हणाले, "घड्याळ रामटेकेच धरतील. त्यांना सवय आहे." मी नावं लिहायला टेबलाशी होतो.

कौसल्याबाईच्या तीन झाल्या. तिनं सुताचे तुकडे टेबलावर ठेवले आणि चंपतरावांना म्हणाली, "जर्मनीत टाळ्या भेटल्या न गा तुले? झालं मंग." तिच्यासकट एकामागून एक सतरा बाया दहाच्या खाली गेल्या. त्यात पोटुशी एक होती, आणि हात सुजलेल्या दोघी.

मग रुख्मिणी आली. साहेब पुढे सरकले, त्यांना ही बाई पाहायची होती. चंपतरावांनी घड्याळ दाबलं. रुख्मिणीनं दोन टोकं हातात घेतली, सावकाश जुळवली, गाठ मारली. पुन्हा दोन टोकं. मिनिट संपलं तेव्हा तिच्या पुढ्यात तीन गाठी होत्या. कौसल्याबाईएवढ्याच.

साहेब ओरडले, "रामटेके, ही तुमची बायको ना? बारावाली?"

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते एक शब्द बोलले असते, तर तिची नोकरी वाचली असती. त्यांनी घड्याळ खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "तीन लिहा, मास्तर."

मी तीन लिहिलं. अठरावं नाव.

त्यानंतर रुख्मिणी आणि कौसल्याबाई संत्रा मार्केटात अडत्याकडे काटोलची संत्री निवडून पेट्या भरायला जाऊ लागल्या. मजुरी मिलच्या निम्मी, तीही हंगामापुरती. चंपतराव मिलमध्येच राहिले, दोन माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. वामनरावांना बढती मिळाली. त्यांना पाहिलं की चंपतराव रस्ता बदलत नसत, नमस्कार करत. वामनरावच रस्ता बदलत. ओमप्रकाश जबलपूरला निघून गेला. नाटकाला चंपतराव पुन्हा आले नाहीत. मी पास पाठवी, ते कोणाला तरी देऊन टाकत.

ते गेल्यानंतर महिन्याभरानं मी इंदोऱ्याला गेलो. रुख्मिणी गोधडी शिवत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, आठ-दहा हा शब्द कसा गाळला तेही. ती शिवत राहिली.

"किती वर्षं झाले याले?"

"आठ."

"त्यायले सांगतलं होतं?"

"नाही."

तिची सुई थांबली. "ते एकेका बाईच्या दारी गेले, मास्तर. सतराच्या सतरा. चूक माही हाय, माहीच हाय, म्हणत. कौसल्याबाईनं अंगावर चुलीतली राख फेकली. ते तसेच राखेनं भरलेले घरी आले. मी बी दोन वर्षं धड बोलली नाही त्यायच्याशी. मले वाटे, यायनं साऱ्या बायाइचं नाव काहून घेतलं? दहा जणी म्हणले असते त काय झालं असतं? अन् ते म्हणत, मी दहाच म्हणलो होतो वाटते, पण आता आठवत नाही. मी म्हणे, खोटं बोलू नका."

मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचू लागलो.

"तुम्ही तवा सांगतलं असतं," ती म्हणाली, "त नोकऱ्या त गेल्याच असत्या, साहेबाले त बायाच काढायच्या होत्या. पण मी त्यायच्याशी बोलली असती."

तिनं दातानं दोरा तोडला, गोधडीची घडी घातली आणि उठली. पेट्या भरायला जायची वेळ झाली होती. दाराशी ती मला पुढे जाऊ देण्यासाठी थांबली. मी बाहेर आलो, तिनं कडी लावली, आणि आम्ही दोघं त्या गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत बरोबर चालत गेलो.