टॉवेलाखालची दिवाळी

माझे सासरे, गोटीराम आबा, घोटीच्या बाजारात बैलांचे दलाल होते. पांढरं धोतर, टोपी आणि खांद्यावर लाल काठाचा टॉवेल. बैल न बोलता विकता येतो असं ते सांगायचे, पण स्वतः मात्र सकाळी चूळ भरली की जे बोलायला लागायचे ते रात्री ताटात हात धुवेपर्यंत. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला वाटलं, यांनी रेडिओ कशाला घेऊन ठेवलाय?

त्याच वर्षी मी हट्ट करून आबांबरोबर बाजार बघायला गेले. सासूबाई, म्हणजे सखुबाई, कडाडल्या, "सून बैलबाजारात? लोक तोंडात शेण घालतील!" मी गेलेच. तिथे बघते तर दोन बाप्ये टॉवेलाखाली हात घालून गप्प उभे. तोंडावरची माशी हलत नव्हती आणि आत बोटांची झटापट चाललेली. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पंजा धरून वर एक बोट दाबलं की सहा. मूठ वळली की शून्य, तळव्यावर टिचकी मारली की पुढचा आकडा. भाव फक्त त्या दोघांना कळणार, भोवतीचे लोक बसले बैलाच्या शिंगांकडे बघत. सासऱ्याने सुनेच्या हाताला हात लावायचा नसतो, म्हणून आबांनी हे सगळं मला स्वतःच्याच डाव्या हातावर दाखवलं.

पुढे आम्ही नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि दिवाळीला सगळं घराणं आमच्याकडे जमायला लागलं. आणि त्याच सुमारास आबांचे कान गेले. एकदम नाही गेले, हळूहळू मागे सरकले. बाजारात त्यांचं काही अडलं नाही, तिथे बोटं होती. अडलं ते घरात.

शेखरने, माझ्या नवऱ्याने, त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. खिशात डबी, डबीला वायर, वायर कानात. एकट्यादुकट्याशी बोलायला ते बरं होतं. पण आमच्याकडे दिवाळीला वीस माणसं एकदम बोलणार, त्यात टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि खाली लवंगीच्या माळा. आबा म्हणाले, "उज्वला, यंत्र लय प्रामाणिक हाय. चिवडा चावल्याचा आवाजबी देतं अन् माणसाचाबी. कुठला कुणाचा ते तेवढं सांगत नाय."

नातेवाईक तर काय, एकेक नमुना! काही जण कानाशी तोंड नेऊन असे ओरडायचे की यंत्र शिट्टी मारायचं. बाकीचे त्यांना वगळूनच बोलायचे. सगळे हसले की आबा विचारायचे, "काय झालं?" आणि उत्तर यायचं, "काही नाही आबा, नंतर सांगते." या 'काही नाही'चा मला असा राग यायचा, की सांगणाऱ्याच्या ताटातला लाडू काढून घ्यावा! ते 'नंतर' कधीच यायचं नाही. मग आबा सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटेच थोडंसं हसायचे आणि उठून चपला शोधायचे. "निघतो. म्हशीला पाणी पाजायचंय." आता ती म्हैस दोन वर्षांपूर्वीच विकलेली होती, हे अख्ख्या घराला माहीत होतं. तरी कोणी अडवायचं नाही. सासूबाईही बिचाऱ्या पिशवी उचलून मागे जायच्या.

नव्याण्णवच्या भाऊबीजेला सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ह्यांची ही शेवटचीच बघ. म्हणत्यात, पुढच्या साली तू एकटी जा नाशिकला. मी तिथं असून नसल्यावानीच." आणि पदराने डोळे पुसत करंज्या मोजायला लागल्या. ज्या माणसाच्या बोलण्यावर घर चालायचं, त्याला आमच्याच घरात परकं वाटावं?

मी बाहेर आले ती सरळ टीव्हीची पिन उपटली. आबांना भिंतीला पाठ लावून बसवलं, उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडेल असं. आणि सगळ्यांना बजावलं, "एका वेळी एकानेच बोलायचं. जो दुसऱ्याच्या मध्ये बोलेल त्याला बासुंदी नाही." पाच मिनिटं टिकलं. आमचं घराणं आहे, कीर्तन नव्हे. तेवढ्यात शेखरने हाऊजी काढली आणि जो गलका उठला तो विचारू नका.

आबांनाही एक तिकीट दिलं, मान म्हणून. शेखर पिशवीतून आकडे काढून ओरडत होता. आबा पेन्सिल धरून याच्या त्याच्या हाताकडे बघत होते. चार आकडे गेले, सात गेले, त्यांचं तिकीट कोरंच. मग त्यांनी तिकिटाची नीट घडी केली, गादीवर ठेवली आणि चपलांच्या दिशेने बघितलं.

"म्हशीला..." ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसकण मारली, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली त्यांचा हात धरला.

खोलीत चिडीचूप! वीस माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी आमच्या घरात पहिल्यांदाच बघितली. "अगं बया!" सासूबाई म्हणाल्या. "सासऱ्याचा हात धरतीस?"

"पडदा आहे की वरून," मी म्हटलं. "शेखर, थांबलास काय? पुढचा आकडा बोल!"

"चोपन्न," शेखर बावळटासारखा म्हणाला.

मी पंजा धरला, तळव्यावर टिचकी मारली आणि चार बोटं धरली. आबांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, हात काढून घेतात की काय. मग त्यांनी उजव्या हाताने तिकिटाची घडी उलगडली, पेन्सिल उचलली आणि चोपन्नवर ठसठशीत फुली मारली.

"सून कसली, दलाल हाय ही!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की खोलीला पुन्हा कंठ फुटला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण हसत.

हाऊजी आबा जिंकले नाहीत. मुंबईचे पाहुणे जिंकले आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण खेळ संपला तरी आबांनी टॉवेल काढला नाही. हात तसाच ठेवून वाट बघत बसले. मला उमगलं. मी खोलीभर बोट फिरवून त्यांना सांगितलं, शेखर एक, सासूबाई दोन, मंजुषा तीन. मग जो बोलेल त्याचा आकडा मी टॉवेलाखाली द्यायला लागले. आकडा मिळाला की आबा त्या माणसाकडे वळायचे, त्याच्या ओठांकडे बघायचे आणि अर्ध्याहून जास्त त्यांना समजायचं. कोण बोलतंय तेच तर यंत्र सांगत नव्हतं!

मंजुषा माझी नणंद, संगमनेरला दिलेली. ती कोपऱ्यात ओवाळणीचं ताट आवरत सहज म्हणाली, "आबांच्या हातचं भरीत खाऊन किती वर्षं झाली!" कोणाला उद्देशून नाही, आपलं आपल्याशी. मी तीन बोटं दाबली. आबा तिच्याकडे वळले.

"काय म्हणतीस पोरी? पुन्हा बोल."

मंजुषा ताटावरच थबकली. तिने न ओरडता बाप तिच्याकडे वळला होता. "भरीत म्हणते मी, आबा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. आबा म्हणाले, "मग रडती कशाला? वांगी आण!"

जेवणं झाली आणि मुक्कामाचा विषय निघण्याआधीच टॉवेलाखाली आबांनी माझं एक बोट धरलं. मला कळेना. "एक रात्र," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हैस इकली हाय, म्हाईत हाय ना तुला?"

मी पंजा धरला. पाच.

त्यांनी मान हलवली, अगदी बाजारातल्यासारखी. दोन बोटं. मी पंजा. तीन बोटं. मी पंजा.

"काय चाललंय तुमचं?" सासूबाईंनी विचारलं. मी दोन बोटं दाबली. आबा त्यांच्याकडे वळले, "सौदा चाललाय. मधी बोलू नको."

आयुष्यभर घासाघीस करून भाव पाडलेला तो माणूस. मी आपली पंजा धरून बसले, म्हटलं, बघू कोण आधी थकतंय. शेवटी आबांनी आपला हात सोडवला, माझा सगळा पंजा आपल्या मुठीत घेतला आणि वर, घट्ट, आणखी एक बोट दाबलं.