ड्रायव्हर ऐकायला शिकला

तान सिऊ हूनने मलेशियातल्या पेनांगच्या कारखान्यात वीस वर्षं डिस्क तपासल्या, आणि पंचेचाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकून ती एका छोट्या कंपनीत लागली. तिथला एक ड्रायव्हर, म्हणजे यंत्रांशी बोलणारा प्रोग्रॅम, नेटवर्कवरून दूरच्या डिस्कांकडे मागण्या पाठवायचा आणि गर्दी झाली की हमखास अडायचा. सहकारी फैझल दर वेळी मागण्यांची रांग मोठी करायचा.

"ताई, रांग हजारावर नेली, तरी अडतोच मेला!"

"अरे, समोरच्याला किती झेपतं ते विचारलंस का? ताटात मावेल तेवढंच वाढावं."

तिने शोध घेतला. डिस्कांचं यंत्र जोडणी होतानाच "एका वेळी एकशे अठ्ठावीसच" असं सांगत होतं, पण ड्रायव्हर ऐकेल तर शपथ! हूनने चार ओळी लिहिल्या: आपल्या रांगेचा आकडा आणि यंत्राने सांगितलेला आकडा, यांतला लहान तोच घ्यायचा. मग फैझलने हवी तेवढी गर्दी लोटून पाहिली. ड्रायव्हर एकदाही अडला नाही.

तिने ती दुरुस्ती ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना पाठवली. आठवड्याने उत्तर आलं, "अगदी बरोबर. कुणाच्या नावावर नोंदवू?"

हूनने आपलं पूर्ण नाव टाइप केलं आणि पाठवण्याआधी तीनदा वाचलं.

"ताई, स्वतःचं नाव कुणी चुकतं का?" फैझल हसला.

"चूप बस," ती म्हणाली, "आणि चल, लाक्सा खाऊ घालते."