सुमनताईची सोयाबीनची पट्टी

भर सभेत प्रयोग फसला आणि खोटं दाखवायची सोय हाताशी असली, तर तुम्ही काय कराल? सुमनताईनं काय केलं, ते मी पाहिलंय. गेल्या महिन्यात तिच्या भावाचा तांड्यावरच्या कॉईन बॉक्सवरून फोन आला, "ताई गेली..." कावीळ झाली होती. तेव्हापासून त्या सभेचा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

सेनगावच्या कॉलेजात ती तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायची, मी तिचा विद्यार्थी. सोयाबीनच्या तेलापासून तिनं रबरासारखी पट्टी तयार केली होती. कापून ताजी टोकं लगेच एकमेकांवर दाबली, की ती आपोआप सांधायची. जुनी झाली, की तापवून तिचीच नवी ओतता यायची. "रानात उगवलं ते उकिरड्यावर काहून मरावं?" असं म्हणायची. संस्थेच्या अध्यक्षांना पट्टी पटली, तर प्रयोगासाठी खोली मिळणार होती. नाहीतर पुढच्या वर्षी तासही नाहीत.

त्या दिवशी सभेत अध्यक्षांनी फीत कापावी तशी पट्टी कापली. ताई टोकं जुळवायला पुढे झाली, तेवढ्यात त्यांनी पूजेच्या ताटातल्या हळदीत बोटं बुडवली. "नव्या वस्तूला हळदी-कुंकू नको व्हय?"

"साहेब, टोकाला नका..." तोवर दोन्ही टोकं पिवळी झाली होती. तिनं ती पुसली, दाबली, धरून ठेवली. तिनं पट्टी उचलली... आणि एक तुकडा टेबलावर पडला.

"रबराला बी नजर लागली का मॅडम?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नजर न्हाई काका, हळद लागली. आता ती माहेरी राहती व्हय?" ताई म्हणाली.

हशा पिकला, पण ताईचे ओठ पांढरे पडले होते. प्राचार्य वाकून पुटपुटले, "दुसरी अख्खी पट्टी आहे ना? तीच जुळली म्हणून दाखवा." ती पट्टी माझ्या हातात होती. ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ती कापलेलीच न्हाई, सर. खोटं काहून दावू? साहेब, जरा बसा. ताजी कापून दावते."

अध्यक्ष बसले नाहीत. त्यांच्यामागे सगळं सभागृह उठलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर तिनं दुसरी पट्टी कापली, टोकं दाबली. मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढली. सुटली नाही.

खोली मिळाली नाही. तासही गेले. परवाच्या शोकसभेत मात्र त्याच लोकांनी तिला 'जिल्ह्याचं भूषण' म्हटलं! मेलेल्या माणसासाठी उभं राहायला सगळे तयार. जिवंत माणसासाठी घटकाभर बसायला कुणी नाही.

म्हणून मागणं एकच. तुमच्या गावच्या शाळेत, कॉलेजात कुणाचा प्रयोग डोळ्यांदेखत फसला, तर उठू नका. शेजारच्यालाही उठू देऊ नका. "परत कर पोरी, आमी बसलोय," एवढं म्हणा.