चार वाजताचा पेला

"रवी, तिला सांग, ते चित्र काढून टाक म्हणावं. नाही तर निदान तो पेला तरी खोड."

वेणुगोपाल अण्णा हे तिसऱ्यांदा म्हणाले. विद्याश्री त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती, पण धाकट्या भावाच्या बायकोशी अण्णा थेट बोलत नसत. सतरा वर्षं त्यांचं सगळं बोलणं रविकुमारमार्फत चालत आलं होतं.

"तिला ऐकू येतंय, अण्णा," रविकुमार म्हणाला.

"ऐकू येतं, कळत नाही. अर्थशास्त्र शिकलीय ना."

टेबलावर कानडी पुस्तिकेची प्रुफं पसरली होती. विद्याश्रीच्या रविवारच्या वर्गात कामगारांनी आपापल्या दिवसाची काढलेली चित्रं तिच्यात होती. सतराव्या पानावर एक वर्तुळ होतं, चोवीस घरांचं. काळी घरं कारखान्याची, रेघारेघांची घरकामाची, ठिपक्यांची झोपेची. कोरं घर म्हणजे आपलं स्वतःचं. हे घड्याळ रत्नम्माचं होतं. रत्नम्मा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांच्याच वर्कशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायची. तिची काळी घरं बारा होती, कायद्याला चालतात त्याहून जास्त. नाव कुठेच छापलेलं नव्हतं. पण चारच्या घरात तिनं कॉफीचा एक पेला काढला होता, आणि चार वाजता मालकाच्या घरून कॉफीचा डबा येतो असं वर्कशॉप अख्ख्या पीण्यात एकच होतं.

विद्याश्रीनं एम.ए. केलं तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, बँकेत लागेल. ती लागली कामगारांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत. पहिली पाच वर्षं उदबत्त्या वळणाऱ्या बायकांच्या उंबऱ्यावर बसण्यात गेली. दिवसाला किती हजार काड्या, पाठ कधी धरते, पोरं कुठे असतात. एक्याण्णव साली रुपयाची किंमत उतरली, तेव्हा पीण्यातल्या दोघातिघा कामगारांनी तिला गाठून विचारलं, म्हणजे नक्की काय झालं? तिनं हॉटेलात वन बाय टू, म्हणजे एकात दोघांची, कॉफी मागवली आणि आपल्या वाट्याचा अर्धा पेला पुढे केला. "पैसे पूर्ण मोजायचे आणि हातात एवढंच यायचं, तसं." तिथून रविवारचा वर्ग सुरू झाला. वर्गाचा नियम एकच: ज्याचं घड्याळ त्याचं, दुसऱ्यानं रेघ बदलायची नाही. नियम तिनंच घातला होता.

पेला पाहून तिला घोर लागला होता. तिनं रत्नम्माला विचारलंही. रत्नम्मा म्हणाली, "येते की कॉफी. खोटं आहे का?"

"लेबर ऑफिसचा माणूस हे घेऊन दारात आला की काय सांगू?" अण्णा म्हणाले. "रत्नम्माला मी काढत नाही. तिच्यासारखा हात नाही कुणाचा. पण हिला सांग रवी, चित्र राहणार असेल तर तुझी वहिनी, कस्तुरा, उद्यापासून आईचं बघणार नाही. मग जा म्हणावं ऑफिसला."

आतल्या खोलीत सासूबाई, इंदिराबाई, खोकल्या. दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या.

रविकुमारनं वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "स्वल्प अॅडजस्ट कर, विद्या. एक पेला तर आहे."

पुढच्या महिन्यापासून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांची मोठी पाहणी तिच्या हाताखाली व्हायची होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा. ती प्रुफं उचलून स्वयंपाकघरात गेली.

मोठी जाऊ, कस्तुराबाई, वर्कशॉपचा डबा भरत होत्या. साडेतीन होत आले होते.

"अक्का, तुम्ही काय म्हणता?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारते."

कस्तुराबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पेला खोडू नकोस. वीस वर्षं मी करतेय ती कॉफी. कुठे तरी छापून येतेय." मग पदराला हात पुसून त्या पाटावर बसल्या. "माझं काढ बघू ते चक्र."

विद्याश्रीनं प्रुफाच्या मागं वर्तुळ काढलं. पाचपासून सुरुवात केली. आंघोळीचं पाणी, डबे, मग इंदिराबाईंचं तोंड धुणं, पेज भरवणं, कूस बदलणं, कपडे बदलणं. रेघा, रेघा.

"दुपारी दोनला?"

"त्यांना डोळा लागतो."

"मग ते कोरं."

"कोरं कुठलं? तेव्हा डाळ निवडते. नाही तर कॉफीला उशीर होतो."

पेन्सिल नऊपासून सहापर्यंत रेघा ओढत गेली, आणि सहाला आल्यावर विद्याश्रीचा हात थांबला. हे नऊ तास तिच्या ओळखीचे होते. तिच्या ऑफिसचे होते. इतक्या उंबऱ्यांवर बसून तिनं किती बायकांचे तास लिहून घेतले, या उंबऱ्याच्या आत कधी विचारलं नव्हतं.

कस्तुराबाई वर्तुळाकडे बघत होत्या. कोरं घर एकही नव्हतं.

"पुस्तकात घालू का, अक्का?"

"नको ग बाई. एकच भांडण पुरे आहे. तुला दिसलं ना, सरी, झालं तर."

चित्र काढून टाकलं तर पुढच्या रविवारी वर्गासमोर उभं राहायला तोंड उरणार नव्हतं. ठेवलं तर घराबाहेर पडता येणार नव्हतं. आणि अण्णांनी उद्या माघार घेतली, तरी हे नऊ तास आता डोळ्यांपुढून हलणार नव्हते. तिनं वर्तुळाचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि बाहेर आली.

"काय ठरलं विचार तिला," अण्णा रविकुमारला म्हणाले.

विद्याश्रीनं रविकुमारकडे पाहिलं नाही.

"अण्णा, चित्र पेल्यासकट छापलं जाईल. रविवारचा वर्ग चालू राहील. बोम्मसंद्र्याचं काम मी घेत नाही, तसं सोमवारी लिहून देते. संस्थेत यापुढे एक वाजेपर्यंत, अर्ध्या पगारावर. एकपासून आईंजवळ मी असेन. दुपारनंतर अक्कांना कुणी काही सांगायचं नाही. चारच्या कॉफीला माणूस बघा."