कॅमेऱ्याला भरलेला मळवट

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा तिसरीतच सुटली, तरी मोटारीतलं मला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

त्याच साली मागं घेताना गाडी मी आमच्याच गव्हाणीवर घातली. पोरगा रांजणगावला कंपनीत आहे. त्यानं गाडीला मागचं दिसायचा कॅमेरा आणि पुढं त्याचा पडदा बसवून आणला आणि बजावलं, "आबा, पडद्यात बघूनच मागं घ्यायची. न्हाईतर चावी माझ्याकडं."

चावी गेली म्हणजे शिरूरच्या बाजाराला जायलासुद्धा कुणाची तरी मनधरणी. ते मला जमणारं नव्हतं.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर मागचं दिसेना. नुसतं पिवळट धुकं. पोराला सांगायची सोय नव्हती. मीच दुरुस्तीला बसलो. पडदा ओल्या फडक्यानं पुसला, मग लिंबाच्या फोडीनं घासला. धुकं तसंच. सगळे फ्यूज उपसून परत बसवले, तर हॉर्न बंद पडला.

बायको म्हणाली, "अवो, पर कॅमेरा हाय कुठं त्यो?"

"ह्यो काय पुढ्यात!" मी पडद्यावर बोट ठेवलं.

"मंग त्याला मागचं कसं दिसतंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

कळत तिलाच होतं. पण ऐकेन तर मी कसला?

शिरूरचा मेकॅनिक पोराचा दोस्त, म्हणून गाडी दौंडला नेली. तिथल्या मेकॅनिकला ऐटीत सांगितलं, "वायरिंग जळलंय. नवीन टाक."

तो गाडीच्या मागं गेला, नंबरप्लेटच्या वर अंगठा घासला आणि मला दाखवला. अंगठा पिवळाधमक.

"आबा, गाडीची पूजा कुणी केली?"

पूजा मीच केली होती. आमच्यात दसऱ्याला गाडीला हळदीचा भंडारा लागतो, आणि चिमूटभर लावणं माझ्या हाताला माहीत नाही. नारळाच्या पाण्यात भंडारा कालवून मी मागं अख्खा पंजा उमटवला होता. बरोबर कॅमेऱ्याच्या डोळ्यावर.

"कॅमेऱ्याचा पार मळवट भरला की तुम्ही!" तो म्हणाला. चहा पीत बसलेले लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरानं. चुकीच्या खाचेत कोंबलेला फ्यूजही त्यानं नीट बसवून दिला.

घरी पोरानं विचारलं, "दौंडला कशाला गेलता?"

"वायर ढिली झालती. करून आणली."

तो मागं जाऊन बघून आला. डिकीवर भंडाऱ्याचा पंजा आणि मधेच अंगठ्याएवढी जागा चकचकीत. त्यानं चावी खिशात घातली.

"मागचं दिसत नसताना दौंडपत्तोर गेलात, आबा. म्हणून चावी काढून घेतलीय."

रात्री जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंपनीच्या बसला निघाला, तेव्हा मी फाटकात आडवा उभा राहिलो. म्हणालो, "वायर न्हवती. भंडारा व्हता, मीच लावल्याला. आन् कॅमेरा कुठं असतोय त्येच मला ठावं न्हवतं." यातलं शेवटचं वाक्य म्हणायला फार जड गेलं.

पोरानं हसू दाबलं, चावी माझ्या हातात दिली आणि गाडीमागं जाऊन उभा राहिला. "घ्या मागं."

मी मान न वळवता पडद्यात बघत गाडी मागं घेतली. पडद्यात त्यानं हात वर केला, आणि मी ब्रेक दाबला.