न मागता देणारा आवाज

सहादू दोंदे यांनी चौतीस वर्षं नोटा छापायच्या प्रेसमध्ये नोकरी केली. जाताना झडती, येताना झडती. त्यामुळे खिशात काही बाळगायची सवयच या माणसाला राहिली नाही. निवृत्त झाले तरी सदऱ्याचा खिसा आपला सपाट. मग एका बुद्धपौर्णिमेला त्यांची लेक चैताली पिंपरीहून आली आणि तिनं काडेपेटीएवढं एक यंत्र त्या खिशात टाकलं. गाणी वाजवायचा एमपीथ्री प्लेअर.

‘अण्णा, आई गेल्यापासून घर नुसतं मुकं झालंय,’ ती म्हणाली. ‘यात चारशे गाणी भरलीत. जुन्या जलशांचीसुद्धा आहेत. मोबाईलशी तुमचं जमत नाही, याच्याशी जमेल.’

आणि जमलं की. मोबाईलवर गाणं लावलं की ऐन रंगात कुणीतरी केसांचं तेल विकायला यायचं. हे यंत्र तसला आगाऊपणा करत नव्हतं. एकदा चार्ज केलं की चार-पाच दिवस बघायला नको. गिरणीत न्या, दवाखान्याच्या रांगेत न्या. सहादूबाबा शेजारच्या धोंडाबाईपुढे त्याचे गुण गाऊ लागले, तेव्हा ती म्हातारी म्हणाली, ‘आन् तुमच्यासंगं बोलतं का ते?’

‘बोलत नाही, नुसतं गातं.’

‘मंग लय गुणाचं हाय. आमच्या घरात समदे नुसते बोलत्यात.’

दोष नव्हते असं नाही. कानात बोंडं घातली की दार वाजलेलं कळायचं नाही. धोंडाबाईनं उंबऱ्यावर ठेवलेली भाजीची वाटी दोनदा मांजरानं चाटून साफ केली. दूध तर कितीदा उतू गेलं. पण खरा दोष वेगळाच होता. आवडतं गाणं संपलं की बाबांना बाजूला बघायची सवय होती, ‘काय म्हटलंय बघ!’ अशा नजरेनं. बाजूला त्यांची बायको आक्काबाई बसलेली असायची. आता बाजूला खुर्ची होती, आणि यंत्र न विचारता पुढचं गाणं सुरू करायचं.

आता सहादूबाबा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. नाशिक रोडला, जेल रोडच्या मागच्या अंगाला त्यांची कॉलनी. तिथले ते एकतीस वर्षं बौद्धाचार्य. लग्न लावायचंय, बोलवा बाबांना. बाळाचं नाव ठेवायचंय, बोलवा बाबांना. कुणी गेलं आणि जलदानाचा विधी करायचा असला, तर बाबा पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी हजर. रविवारी सकाळी आठला विहारात वंदना. बाबा एक ओळ म्हणणार, थांबणार, लोक तीच ओळ मागून म्हणणार. कुणाचा उच्चार घसरला की बाबा डोळे न उघडता त्याचं नाव घ्यायचे. भल्याभल्यांची बोबडी वळायची तिथं.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. पंचशील द्यायचं ते मागितल्यावर. आधी लोकांनी हात जोडून याचना म्हणायची, मग आचार्यानं द्यायचं. ‘न मागता देतो तो भाषण देतो,’ असं ते ऐकवायचे. हाच नियम त्यांनी स्वतःच्या अंगालाही लावून घेतला होता. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. दर रविवारी पावणेआठला कुणीतरी ‘बाबा, चला’ अशी हाक मारायचं, तेव्हाच ते चपला घालायचे. शिस्त म्हणा, ताठा म्हणा.

तर गेल्या पावसाळ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा-वीस दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. वंदनेत तर गुडघे टेकून, डोकं टेकून प्रणाम. मंडळाचा सेक्रेटरी राकेश विचारायला आला. राकेश मनमाडला रेल्वेत कामाला, रोज जाऊन-येऊन करणारा. माणूस भला, पण सदा गाडी सुटायच्या बेतात असल्यासारखा.

‘बाबा, रविवारचं काय करायचं?’

आणि इथं बाबांनी हात दाखवून अवलक्षण केलं. त्या यंत्रात आवाज भरून घ्यायचं बटण होतं. ‘मी म्हणून ठेवतो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही विहारात लावा आणि मागून म्हणा.’

दुपारी दार लावून ते बसले. लोक मागून म्हणणार म्हणून प्रत्येक ओळीनंतर तेवढी जागा मोकळी सोडत गेले. विहारात ती जागा शंभर-सव्वाशे आवाजांनी भरायची. घरात तिथं काहीच नव्हतं. आक्काबाई असताना बाबांनी सकाळी एक ओळ म्हटली की स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, तिचा आवाज यायचा. चार वर्षं झाली होती तिला जाऊन, तरी कान तिकडेच गेले. एका जागी तर ते इतके थांबले की आपण कुठवर आलो होतो तेच विसरले. मग गडबडीनं पुढची ओळ उचलली आणि वंदना पुरी केली.

राकेशनं तो आवाज विहारातल्या यंत्रात उतरवून घेतला आणि प्लेअर परत आणून दिला.

तीन आठवडे बाबांनी दारंखिडक्या लावून, कानात गाणी घालून काढले, मग डॉक्टरांनी मोकळीक दिली. रविवारी बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काळा चष्मा लावून, खुर्चीत दाराकडे तोंड करून बसले. पावणेआठ झाले, हाक आली नाही. आठला पाच कमी झाले. आणि आठाच्या ठोक्याला विहाराच्या कर्ण्यातून त्यांचाच आवाज गल्लीत आला. दोन-तीन ओळी बाबांनी खुर्चीत बसून स्वतःला ऐकलं, मग कानात बोंडं घातली.

संध्याकाळी राकेश रस्त्यात भेटला. ‘बाबा, आता या वयात कशाला दगदग? वेळेवर सुरू होतं, वीस मिनिटांत संपतं. आणि परकं कोण आहे? तुमचाच तर आवाज आहे.’

गरज सरो नि वैद्य मरो म्हणावं, तर वैद्याचंच औषध चालू होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ‘मला बोलवा’ एवढे दोन शब्द बाबांना म्हणता आले असते. पण मला मागा, असं मागायचं कसं? ते जन्मात जमलं नव्हतं त्यांना. आवाजाला ती अडचण नव्हती. बटण दाबलं की तो न मागता देत होता.

श्रावण गेला, वर्षावास संपला, थंडी पडली. पाच महिने झाले. एका नामकरणाला बाबांना आमंत्रण आलं, ते पाहुणा म्हणून. विधी यंत्रानं केला, बाबा तो आटोपल्यावर पोचले आणि जेवून घरी आले. पूर्वी वंदनेनंतर बायाबापड्या त्यांच्याभोवती अर्धा-अर्धा तास थांबायच्या. कुणाचा मुलगा ऐकत नाही, कुणाच्या सुनेला बरं नाही. आता ते सगळं कुठं जात असेल? चैतालीचा फोन यायचा, आठवड्यातून दोनदा. ‘अण्णा, गाणी ऐकता ना?’ ‘ऐकतो,’ ते म्हणायचे.

ऐकत होतेच. पण आता गाणी ऐकताना भलतंच डोक्यात यायचं. गाणारा समोर नसला तरी गाणं मिळतं, हा या यंत्राचा गुण. गाणाऱ्यावाचून भागतं, हा दोष. गुण आणि दोष एकच, नुसतं बसायची बाजू वेगळी. चारशे गाणी त्यांनी हौसेनं ऐकली होती, पण ती म्हणणाऱ्या माणसांच्या दारात आता कोण जात असेल, हे कधी मनात आलं होतं का? आता येत होतं. जीव तुटायचा त्यांचा. आपण नकोसे झालो असतो तर एक वेळ चाललं असतं. आपण हवे होतो, फक्त स्वतः यायची गरज नव्हती.

रविवारी आठला मात्र ते कानात बोंडं घालून गाणी मोठ्यानं लावायचे. स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. जानेवारीतल्या एका रविवारी यंत्राची बॅटरी उतरलेली निघाली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा पुरी वंदना त्यांच्या कानावर पडली.

शरण जायच्या ओळी तीनदा म्हणायच्या असतात. एकदा साध्या, मग ‘दुसऱ्यांदाही’ म्हणून, मग ‘तिसऱ्यांदाही’ म्हणून. कर्ण्यातला आवाज पहिल्यांदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला. बराच वेळ थांबला. आणि परत दुसऱ्यांदाच म्हणाला. तिसऱ्यांदा आलंच नाही. सगळी कॉलनी, लहानमोठी, त्याच्यामागे बिनचूक चुकली.

बाबा उठून दारात आले. कुठं चुकलं आणि का चुकलं, ते त्यांना लगेच आठवलं. धोंडाबाई विहारातून परत येत होती, तिला त्यांनी दारातच गाठलं. ‘तुम्हाला कुणाला कळलं नाही?’

‘कळलं ना. आमाला वाटलं बाबा म्हनत्यात म्हनजे तसंच असंल. पोरांनी इचारलं तर अंजलीबाई म्हनली, बाबा चुकायचे नाय.’

अंजलीबाई म्हणजे विहारात मुलांचे वर्ग घेणारी शिक्षिका. बाबा आत येऊन बसले. लाज वाटली, भरूनही आलं. आणि मग, कबूल करायला हवं, मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना आनंद झाला. चूक आहे म्हणजे दुरुस्त करायला माणूस लागणार. लोकांच्या तोंडात बसलेली चूक यंत्राला कशी काढता येईल? तिथं समोर बसून, एकेकाचं नाव घेऊन, म्हणवून घ्यावं लागतं. ते काम कॉलनीत एकालाच येतं.

लगेच सांगायला मात्र ते गेले नाहीत. आपणहून जायचं कसं? कुणीतरी विचारेल, मग सांगू. एक आठवडा गेला, दुसरा गेला. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शील देणारा माणूस, त्याला ती किती दिवस पुरणार! एका दुपारी धोंडाबाईची नात वैष्णवी, पाच वर्षांची, पायरीवर बाहुलीला पुढ्यात बसवून वंदना शिकवत होती. दोनदा दुसऱ्यांदा, अगदी बाबांच्या ठेक्यात. बाबांना ते ऐकवेना.

त्यांनी पांढरा सदरा चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता राकेशच्या दारात गेले. वाटेत वाक्य घोळवत होते, ‘वंदनेत माझी एक चूक राहिलीय, येत्या रविवारी मी येतो, बसून नीट म्हणवून घेतो.’ निम्मं त्यांनी सांगितलं. राकेश मनापासून ओशाळला.

‘अरे बापरे. कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? बरं झालं बाबा सांगितलंत.’

बाबा पुढचं निम्मं वाक्य बोलायच्या बेतात होते.

‘एक काम कराल?’ राकेश म्हणाला. ‘परत एकदा नीट म्हणून द्या. शनिवारपर्यंत. तुमच्याशिवाय कोण करणार हे?’

मागितलं होतं. पाच महिन्यांनी कुणीतरी त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि काय मागितलं होतं! ‘देतो,’ बाबा म्हणाले. मागितल्यावर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दार लावून बसले. पुढ्यात यंत्र, त्याचा बारीक लाल दिवा. खोटं कशाला सांगा, मनात आलं. एक बारीकशी चूक. एखादा ऱ्हस्व-दीर्घ, कुणाला कळणारही नाही, पण सहा महिन्यांनी निघेल आणि परत कुणीतरी दारात येईल. बोट बटणावर तसंच राहिलं. या वंदनेनंच त्यांच्या बापाला ताठ उभं राहायला शिकवलं होतं. आपल्या दाराची कडी वाजावी म्हणून तिच्यात खोट घालायची? ‘सहाद्या, लाज वाटू दे’ असं ते स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले, आणि मग ते यंत्रात गेलं म्हणून पुसून नव्यानं सुरुवात करावी लागली.

या वेळी मोकळ्या जागांत त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. प्रत्येक ओळीनंतर तीच ओळ ओठांतल्या ओठांत, आवाज न करता, लोकांच्या वतीनं स्वतःच म्हटली, म्हणजे जागा मापात सुटावी. पहिल्यांदा झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा म्हणताना ठेका तुटला, तर थांबले, पाणी प्याले, सगळं पुसलं आणि मुळापासून परत म्हटलं. चार वेळा म्हटलं तेव्हा कुठं मनासारखं झालं. इतकी चांगली वंदना त्यांनी विहारातही कधी म्हटली नव्हती, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी यंत्र नेऊन दिलं. राकेशनं फाटकातच उभं राहून, कानात बोंडं घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. गाडीची घाई नसलेला राकेश बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

‘एक नंबर, बाबा,’ तो म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच ओले होते. ‘कुठंच चूक नाही. आता तुम्हाला परत त्रास द्यायची वेळच येणार नाही.’

‘नाही येणार,’ बाबा म्हणाले.

ते घराकडे निघाले. राकेशचा त्यांना राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर मनातल्या मनात तरी कुणाशी भांडता आलं असतं.